ठिगळ लावावे की थांबावे? : संगणकीय दुरुस्तीच्या निर्णयाचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासावरील बहुतेक ग्रंथांत नव्या यंत्रांना, नव्या भाषांना आणि त्यांच्या जनकांना मानाचे स्थान मिळते; डागडुजीला मात्र ते मिळत नाही. वस्तुतः कोणत्याही बँकेच्या, बंदराच्या किंवा विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करणाऱ्या मनुष्याचा पुष्कळसा काळ नवे काही उभारण्यात जात नाही, जुने चालू ठेवण्यात जातो. या कामातील एक निर्णय वरवर क्षुल्लक दिसतो. आज्ञावली तयार करणाऱ्या कंपनीने दुरुस्ती, म्हणजेच ‘पॅच’ पाठविला आहे. तो चालत्या प्रणालीवर आज लावावा, महिनाभर थांबून लावावा, की लावूच नये? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची उत्तरे गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत कशी बदलत गेली आणि ती देण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे, कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न मुळात तंत्राचा नाही. तो अपुऱ्या माहितीवर घ्यावयाच्या निर्णयाचा आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजावयाची याचा आहे.

कागदी ठिगळापासून गणितापर्यंत

‘पॅच’ या शब्दाचा मराठी अर्थ ठिगळ, आणि प्रारंभी तो अक्षरशः ठिगळच होता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या ‘मार्क वन’ या यंत्राला आज्ञा दिल्या जात त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. चुकीचे छिद्र पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. दुरुस्ती करणारा, ती करावी की नाही हे ठरविणारा आणि यंत्र वापरणारा हे सारे एकाच खोलीत असत. त्यामुळे आपल्या अर्थाने ‘निर्णय’ असा तेथे उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला आज्ञावली ही विकण्याची वस्तू झाल्यावर. आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांवर हजारो ग्राहक एकच प्रणाली वापरू लागले. एका ग्राहकाला आढळलेला दोष कंपनी दुरुस्त करी व ती दुरुस्ती सर्वांना उपलब्ध करून देई. ज्याला तो दोष अद्याप जाणवलाच नाही, त्या ग्राहकाने ती लावावी काय? १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी एक इशारा देऊन ठेवला होता : एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष शिरण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते. म्हणजे ठिगळच फाटके असू शकते.

या प्रश्नाचा पहिला गंभीर हिशेब आयबीएमच्याच एडवर्ड अ‍ॅडम्स यांनी १९८४ साली कंपनीच्या संशोधन-पत्रिकेत मांडला. दोष जाणवल्यावर करावयाची दुरुस्ती आणि दोष जाणवण्यापूर्वीच खबरदारी म्हणून करावयाची दुरुस्ती, असा त्यांनी भेद केला. आपल्या कंपनीच्या अनेक मोठ्या उत्पादनांतील दोषांच्या नोंदी तपासता त्यांना असे आढळले की, सुमारे एक तृतीयांश दोष इतके दुर्मिळ होते की एखाद्या यंत्रावर ते प्रकट होण्यास सरासरी पाच हजार वर्षांचा वापर लागावा. उपद्रव देणारे दोष संख्येने थोडे होते आणि ते लवकर उघडकीस येत. निष्कर्ष उघड होता. वारंवार प्रकट होणाऱ्या मोजक्या दोषांची दुरुस्ती आधीच करून घ्यावी. उरलेल्यांसाठी चालते यंत्र उघडू नये.

अ‍ॅडम्स यांचा हा निबंध आजही वाचनीय आहे. त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि त्या काळी ते सांगण्याचीही गरज कोणाला वाटली नसेल : दोष योगायोगाने प्रकट होतो. यंत्राला वैरी नाही. पाच हजार वर्षांतून एकदा घडणारी परिस्थिती कोणी मुद्दाम, आजच, हजारो यंत्रांवर एकाच वेळी घडवून आणील ही कल्पना त्या हिशेबात बसत नाही. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका गृहीतकाच्या पडझडीचा इतिहास आहे.

थांबण्याची परंपरा

२ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ या स्वतःहून पसरणाऱ्या आज्ञावलीने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली, आणि त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात आपत्कालीन प्रतिसादासाठी ‘सर्ट’ हे केंद्र स्थापन झाले. तथापि व्यावसायिक जगाने यातून फारसा बोध घेतला नाही. नव्वदच्या दशकात कार्यालयांतील संगणक जसजसे वाढले, तसतशी उलट दिशेची परंपरा रूढ झाली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘विंडोज एनटी ४.०’साठी सहावा सर्व्हिस पॅक दिला. तो लावल्यावर काही ठिकाणी सामान्य वापरकर्त्यांना ‘लोटस नोट्स’सारख्या आज्ञावल्या जोडणी देईनाशा झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीला ‘६ए’ ही सुधारित आवृत्ती काढावी लागली. अशा अनुभवांतून प्रणाली प्रशासकांमध्ये एक अलिखित नियम रुजला : पहिला मान दुसऱ्यांना घेऊ द्यावा, आपण मागाहून जावे.

या नियमाला आळस म्हणून हिणविणे इतिहासाच्या दृष्टीने अन्यायाचे ठरेल. दुरुस्ती लावून यंत्र बंद पडले तर दोष लावणाऱ्याचा, आणि तो सकाळी सर्वांसमक्ष उघड होतो. दुरुस्ती न लावल्यामुळे काही घडले नाही, तर त्याबद्दल कोणी शाबासकीही देत नाही अन् विचारीतही नाही. केलेल्या कृतीची शिक्षा तत्काळ, न केलेल्या कृतीची शिक्षा अनिश्चित, अशा व्यवस्थेत शहाणा मनुष्य काय करील? निकालाच्या आठवड्यात परीक्षा विभागाच्या सर्व्हरला हात लावू न देणारे आपल्या महाविद्यालयांतील जाणकार हेच करीत असतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

या परंपरेला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्नही झाला. नोव्हेंबर २००२ मध्ये प्रणाली प्रशासकांच्या ‘लिसा’ या परिषदेत स्टीव्ह बीटी, क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रतिमान सादर केले. नवी दुरुस्ती सदोष असण्याचा धोका दिवसागणिक घटतो, कारण इतरांच्या अनुभवातून तिचे दोष बाहेर येतात. हल्ल्याचा धोका मात्र दिवसागणिक वाढतो. या दोन रेषा जेथे छेदतात तो दुरुस्तीचा योग्य दिवस. उपलब्ध नोंदींवरून त्यांनी असे दोन बिंदू दाखविले : दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून दहावा दिवस आणि तिसावा दिवस. अ‍ॅडम्स यांच्या हिशेबात वैरी नव्हता. या हिशेबात तो आला. मात्र इतर सर्वांनीही असेच थांबायचे ठरविले तर सदोष दुरुस्तीचे दोष शोधणार कोण, हा प्रश्न उरतोच.

२५ जानेवारी २००३

त्या परिषदेला तीन महिनेही झाले नव्हते. शनिवार, २५ जानेवारी २००३ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास केवळ ३७६ बाइट लांबीची एक आज्ञावली इंटरनेटवर सुटली. तिला पुढे ‘स्लॅमर’ हे नाव मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या प्रणालीतील एका दोषातून ती शिरत असे. आरंभी दर साडेआठ सेकंदांना बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती, आणि जगातील दोषयुक्त यंत्रांपैकी सुमारे नव्वद टक्के यंत्रे दहा मिनिटांत बाधित झाली. किमान ७५,००० यंत्रांना लागण झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. दहा मिनिटांत कोणताही प्रशासक काही ठरवू शकत नाही. जे ठरवावयाचे ते आधीच ठरलेले असले पाहिजे, असा याचा अर्थ होता.

आणि ते ठरविण्यास वेळ मुबलक होता. डेव्हिड लिचफील्ड या संशोधकाने हा दोष कंपनीला कळविला होता, आणि त्याची दुरुस्ती २४ जुलै २००२ रोजी, म्हणजे १८५ दिवस आधी, प्रसिद्ध झाली होती. बीटी आणि कोवन यांचे दोन्ही मुहूर्त केव्हाच टळून गेले होते. मग इतक्या ठिकाणी ती का लावली गेली नव्हती?

याचे उत्तर एकेरी नाही. ही दुरुस्ती लावण्याची पद्धत किचकट होती. शिवाय एसक्यूएल सर्व्हरचे एक लहान रूप इतर अनेक आज्ञावल्यांच्या पोटात बसविलेले असे. आपल्या यंत्रात ते आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, ते दुरुस्त करावे की नाही हा निर्णय घेणार कसा? ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी या अणुविद्युत केंद्राचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील जाळ्याला संरक्षक भिंत होती. पण एका कंत्राटदाराच्या जोडणीने ती ओलांडली गेली आणि कृमी आत पोहोचला. सुरक्षा-निर्देशक दाखविणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद राहिली. अणुभट्टी त्या वेळी आधीपासूनच बंद होती, हे सुदैव. अशी दुरुस्ती उपलब्ध आहे हे तेथील अभियंत्यांना माहीतच नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टमधील काही यंत्रेही बाधित झाली, हा तपशील मात्र प्रत्येक प्रणाली प्रशासकाने मनात जपून ठेवला असावा.

स्लॅमरने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. बँक ऑफ अमेरिकेची सुमारे १३,००० एटीएम यंत्रे त्या दिवशी पैसे देऊ शकली नाहीत. दक्षिण कोरियातील इंटरनेट सेवा तासन् तास विस्कळीत झाली. ज्यांनी वेळेवर दुरुस्ती केली होती त्यांचीही कामे अडली, कारण रस्ताच तुंबला होता. एकाने दुरुस्ती टाळली की तिची किंमत शेजारी मोजतो. गावातील एका घराने सांडपाण्याकडे दुर्लक्ष करावे आणि साथ आळीभर पसरावी, तसेच हे. तोवर दुरुस्तीचा निर्णय हा ज्याच्या त्याच्या कार्यालयाचा खाजगी मामला मानला जाई. हे गृहीत आता टिकण्याजोगे राहिले नाही.

महिन्याचा दुसरा मंगळवार

स्लॅमरनंतर घटना वेगाने घडल्या. ‘ब्लास्टर’ हा कृमी ११ ऑगस्ट २००३ रोजी आला. त्याची दुरुस्ती १६ जुलैलाच निघाली होती. मधले अंतर २६ दिवसांचे. एप्रिल २००४ अखेर आलेल्या ‘सॅसर’च्या वेळी हेच अंतर १७ दिवसांवर आले. पूर्वी सहा महिने मिळत, आता तीन आठवडेही मिळेनात.

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या केव्हाही न काढता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्रित काढण्यास सुरुवात केली. आज हे अगदी साधे वाटते. पण कार्यालयीन जीवनात या एका वारामुळे पडलेला फरक मोठा होता. दुरुस्ती ही आकस्मिक आपत्ती न राहता पंचांगातील तिथी झाली. चाचणीसाठी माणसे नेमता आली आणि रात्रीची वेळ राखून ठेवता आली. तथापि याच मंगळवारी हल्लेखोरांचेही काम सुरू होई. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची आज्ञावली शेजारी शेजारी ठेवली की फरक कोठे आहे ते दिसते, आणि फरक आहे तेथेच दोष आहे. २००८ साली डेव्हिड ब्रुमली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दुरुस्तीवरून हल्ल्याची आज्ञावली तयार करण्याचे काम काही बाबतीत यंत्राकडूनच, अगदी थोड्या वेळात करवून घेता येते. अ‍ॅडम्स यांच्या काळी दुरुस्ती न लावणारा होता त्याच स्थितीत राहत असे. आता दुरुस्ती प्रसिद्ध झाली की ती न लावणाऱ्याची स्थिती आदल्या दिवसापेक्षा वाईट होते. थांबण्याचा अर्थच बदलला.

अर्थात घाईचे धोके संपले नव्हते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या विषाणूरोधक प्रणालीला मिळालेल्या एका अद्ययावत संचाने विंडोज एक्सपीमधील अत्यावश्यक फाइललाच विषाणू समजून बाजूला केले आणि जगभरातील अनेक संगणक बंद पडले. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे क्रमाने लावणाऱ्या आज्ञावलीचे अद्ययावतीकरण बिघडले; ते मागे घेण्याचा प्रयत्नही फसला आणि ६५ लाखांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार अडले. नियामकांनी २०१४ मध्ये त्या समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. थांबणाऱ्यांच्या बाजूने पुरावा कधीच कमी नव्हता.

२०१७ : रुग्णालय, पतसंस्था, बंदर

या इतिहासात २०१७ हे वर्ष मध्यवर्ती आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी एक महत्त्वाची दुरुस्ती काढली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर कृमी पसरला, आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांना त्याची झळ पोहोचली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार १९,००० हून अधिक रुग्णभेटी रद्द झाल्या. वृत्तपत्रांनी दोष कालबाह्य विंडोज एक्सपीवर ढकलला. लेखापरीक्षकांच्या अहवालातील चित्र निराळे होते. बाधित यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे कंपनीचे साहाय्य चालू असलेल्या विंडोज ७ या प्रणालीवरच होती. केवळ दुरुस्ती लावलेली नव्हती. दुरुस्ती लावण्याची सूचना मार्च आणि एप्रिलमध्ये दोनदा गेली होती. मात्र याच अहवालात हेही नोंदविले आहे की, काही वैद्यकीय उपकरणांतील संगणकांना रुग्णालय स्वतः हात लावू शकत नव्हते. तो अधिकार उपकरण विकणाऱ्याचा होता. जबाबदारी एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती होती.

अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीचे प्रकरण याच वर्षीचे. तेथे धोरण कागदावर कडक होते : गंभीर दुरुस्ती ४८ तासांत लावावी. ‘अपाचे स्ट्रट्स’मधील दोषाची सूचना ९ मार्च रोजी चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना गेली. पण जी जुनी प्रणाली बाधित होती ती कोणाच्या अखत्यारीत आहे हेच स्पष्ट नव्हते, आणि तपासणीतही ती सापडली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेली. निर्णय झाला होता. तो अमलात आणणारा कोणी नव्हता.

तिसरी घटना आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ सुटला. मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे संगणक कोसळले, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनर कोठला, कोठे जावयाचा हे सांगणारी यंत्रणाच गेल्यामुळे माल तुंबला. पुढे दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले, असे मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले. समूहाने नुकसानीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलर इतका दिला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्द चोरूनही पसरत असल्याने मार्चची दुरुस्ती लावलेली यंत्रेही त्याने गाठली. आणि त्याचा उगम झाला तो ‘एमईडॉक’ या युक्रेनमधील करविषयक आज्ञावलीच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून. म्हणजे प्रथम बाधित झाले ते दुर्लक्ष करणारे नव्हेत. नेमाने अद्ययावत राहणारेच होते.

निर्णयाचे हस्तांतर

या घटनांनंतर निर्णय कार्यालयाच्या हातून हळूहळू निसटू लागला. एका बाजूने तो शासनाकडे गेला. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले असूनही भारतातील कित्येक एटीएम यंत्रे त्यावरच चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना टप्पे आखून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे साहाय्य असलेल्या प्रणालीवर आणावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एटीएम उद्योगाच्या संघटनेने इशारा दिला की, हा आणि इतर नियमांचा खर्च न परवडल्याने देशातील सुमारे २ लाख ३८ हजारांपैकी १ लाख १३ हजार यंत्रे बंद करावी लागतील. तसे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. पण खेड्यातील एकमेव एटीएम असुरक्षित असावे की नसावेच, असा पर्याय एका परिपत्रकामुळे काही काळ तरी खराखुरा उभा राहिला होता. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून केंद्रीय कार्यालयांना प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या नव्या दोषांची दुरुस्ती सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत करण्याचे बंधन घालण्यात आले.

दुसऱ्या बाजूने निर्णय विक्रेत्याकडे गेला. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रणालीला एक छोटी मजकूर-फाइल पाठविली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सावधगिरी म्हणून आज्ञावलीची एक-दोन आवृत्ती मागची वापरण्याची सोय ग्राहकांना होती आणि अनेकांनी ती पत्करलीही होती. पण या प्रकारच्या फाइलींना ती लागू नव्हती. थांबणारे आणि न थांबणारे एकाच वेळी कोसळले. बंद पडलेल्यांपैकी अनेक संगणक तंत्रज्ञांना एकेका यंत्रासमोर बसून, ती सदोष फाइल हाताने काढून टाकून पुन्हा सुरू करावे लागले. त्यानंतर अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे आणि त्या केव्हा स्वीकाराव्यात हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकांना देण्याचे कंपनीने जाहीर केले.